टोकियोतलं आमचं नेहमीचं इझाकाया: येणाऱ्या पाहुण्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साकुराच्या म्हणजे चेरी फुलण्याच्या दिवसांत आणि दिवाळीच्या सुट्टीत इकडे कोणी ना कोणी येतंच, कोणाची आई, कोणाचा मामेभाऊ, कोणाचे पुण्याचे ऑफिसवाले, आणि सगळ्यांना एकदा तरी "तुमच्या त्या नेहमीच्या जपानी हॉटेलात" जेवायचं असतं. मग विमानाचं तिकीट काढल्या दिवसापासून प्रश्न सुरू होतात ते पार हॉटेलच्या दारात उभं राहीपर्यंत. म्हणून सगळं एका ठिकाणी टाकतेय. आम्ही एदोगावा वॉर्डात राहतो, निशिकासाईच्या बाजूला, तिथे भारतीय खूप राहतात, तेव्हा डोसा, पराठा, पनीर कुठे मिळेल हे इथे लिहिलेलं नाही, स्टेशनबाहेर पडलात की आपोआप दिसेल.

नेहमीचं म्हणजे नक्की कसलं हॉटेल? सुशीचं का?

नाही, इझाकाया आहे. म्हणजे संध्याकाळी उघडणारं, प्यायला आणि सोबत थोडं थोडं खायला असं ठिकाण. पुढे काउंटर, मागे दोन-तीन टेबलं आणि एक चटईची खोली, बस. ताइशो म्हणजे मालक स्वतः कोळशावर याकितोरी म्हणजे काडीला टोचलेलं चिकन भाजतो आणि त्याची बायको, जिला सगळे ओकामीसान म्हणतात, बाकी सगळं बघते, बिल, बिअर, गिऱ्हाइकांच्या तब्येतीच्या चौकश्या, सगळं.

आता हेच का, तर जपानमध्ये एक हॉटेल सहसा एकच गोष्ट करतं. सुशीवाला सुशी, सोबावाला सोबा म्हणजे कुट्टूच्या नूडल्स, टोंकात्सुवाला फक्त टोंकात्सु म्हणजे तळलेलं पोर्क कटलेट, उनागीवाला फक्त उनागी म्हणजे ईल मासा आणि तेही कदाचित तीन पिढ्या. "पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, पावभाजी" असा बोर्ड बघत मोठे झालेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो, रामेनच्या दुकानात बसून "यांच्याकडे टेम्पुरा नाही का गं" असं विचारणारे आमच्याकडे दर सीझनला असतात. इझाकायात मात्र भाजलेलं, तळलेलं, कच्चं, टोफू, भाज्या, भात असं सगळं थोडं थोडं असतं, त्यामुळे एक शाकाहारी, एक मासेखाऊ, एक "मला फक्त चिकन" असं कुटुंब एका टेबलावर बसू शकतं. पाहुण्यांना तिथेच न्यायचं कारण हे.

नाव सांगा ना, पिन पाठवा.

नाही. आधीच शुक्रवारी आम्हाला जागा मिळत नाही.

पण तुमचं स्वतःचं कसं शोधायचं ते सांगते. टुरिस्ट लिस्टमधली "टोकियोतली टॉप टेन" बाजूला ठेवा. राहताय त्या स्टेशनच्या मागच्या गल्लीत संध्याकाळी सातच्या सुमारास एक फेरी मारा. दारावर लाल कंदील, नोरेन म्हणजे छोटा कापडी पडदा लटकलेला, भिंतीवर हाताने लिहिलेल्या कागदी पट्ट्या, आत ऑफिस सुटलेली माणसं, एखाद दुसरं म्हातारं जोडपं, असं दिसलं की आत जायला हरकत नाही. नोरेन आत घेतलेला असेल तर बंद. अॅप बघायचंच तर ताबेलोग बघा, पण तिथे रेटिंग फार कडक असतं, ३.५ म्हणजे खूपच चांगलं, आपल्या सवयीप्रमाणे ४.५ शोधत बसलात तर उपाशी राहाल. आणि ३.१ वालं गल्लीतलं दुकानसुद्धा मस्त असू शकतं, आमचं तसंच आहे.

एवढी हजारो हॉटेलं असताना परत परत तिथेच काय जाता?

कारण मेनू तोच नसतो. छापील कार्ड तेच असतं पण भिंतीवरच्या पट्ट्या बदलत राहतात, आणि खरं जेवण त्या पट्ट्यांवर असतं. वसंतात ताकेनोको म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, नानोहानाची किंचित कडू भाजी, होतारु-इका म्हणून बोटाएवढे माखूल. उन्हाळ्यात ताजे एदामामे म्हणजे सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, आयु नावाचा नदीतला मासा मीठ लावून काडीवर भाजलेला. सप्टेंबर-ऑक्टोबरला सान्मा मासा, गिन्नान म्हणजे गिंकोच्या बिया. थंडीत बुरी मासा, आणि ओदेन, नाबे असे गरम रस्शातले पदार्थ. जपानी जेवणाचा, म्हणजे वाशोकुचा, युनेस्कोने २०१३ मध्ये सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला तेव्हा ऋतूंशी असलेलं हे नातं त्यात ठळकपणे सांगितलं होतं, पण ते कळायला युनेस्को कशाला हवं, भिंत वाचली की झालं.

दुसरं कारण माणसांचं. तिथे पहिल्यांदा जाल तेव्हा पाहुण्यासारखी वागणूक मिळते, नीट, नम्र, जरा लांबून. नंतर नंतर ताइशो न विचारता सांगायला लागतो की आज इवाशी मासा घेऊ नका, सबा चांगला आलाय. शोचू या जपानी दारूची अख्खी बाटली विकत घेऊन तिच्यावर नाव लिहून दुकानातच ठेवायची पद्धत आहे, बॉटल कीप म्हणतात, आमच्या बाटलीवर आमचं आडनाव ओकामीसानने काताकाना या जपानी लिपीत लिहिलंय आणि ते साफ चुकलंय, आम्ही दुरुस्त करायला सांगितलेलं नाही. पाच दिवसांत दहा नामांकित हॉटेलं करणाऱ्यांना हे काही मिळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आठवड्याची ट्रिप असेल तरी एका छोट्या ठिकाणी दोनदा जा, दुसऱ्या वेळेला फरक कळतो.

मी शुद्ध शाकाहारी आहे. काय मिळेल?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून निवांत लिहिते.

अडचण मटण-चिकनची नाही, ती दिसते तरी. अडचण दाशीची आहे. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी, बहुतेक वेळा कोम्बु या समुद्री वनस्पतीचं आणि कात्सुओबुशीचं. कात्सुओबुशी म्हणजे कुप्याच्या जातीतला कात्सुओ मासा शिजवून, धुरावून, वाळवून लाकडासारखा टणक करतात आणि मग रंधा मारल्यासारखे त्याचे पातळ पापुद्रे काढतात. मिसो सूपमध्ये दाशी, सोबा-उदोनच्या रस्शात दाशी, टेम्पुराच्या चटणीत दाशी, शिजवलेल्या भोपळ्यात दाशी, अंड्याच्या गोडसर ऑम्लेटमध्येही दाशी. दाशी काढून द्या म्हणणं म्हणजे फोडणीची आमटी करून झाल्यावर त्यातली फोडणी काढून द्या म्हणण्यासारखं आहे, ताइशो बिचारा हो म्हणेल पण काढणार कुठून.

त्यात "व्हेजिटेरियन" म्हटल्यावर बऱ्याच दुकानांत समजतात की मांसाचे तुकडे नकोत. मग पोटॅटो सॅलडमध्ये हॅम येतो, हिरव्या सॅलडवर जाको म्हणजे इवलेसे वाळवलेले मासे येतात, गार टोफूवर कात्सुओबुशी डुलत येते. कोणी फसवत नाहीये, त्यांच्या लेखी ते मांस नाहीच.

तर मग काय मागवायचं. एदामामे, डोळे मिटून. हियायाक्को म्हणजे गार टोफू, "कात्सुओबुशी नुकी दे" म्हणजे त्याशिवाय, असं सांगून. टोमॅटोच्या गार फोडी, ऐकायला काहीतरीच वाटतं पण उन्हाळ्यात जपानी टोमॅटो खाऊन बघा. शिशितो मिरच्या, शिइताके मशरूम, लांब कांद्याची पात मीठ लावून भाजलेली, फक्त जाळी तीच असते जिच्यावर चिकन भाजतात, चालत नसेल तर हे सोडा. भाज्यांचा टेम्पुरा, आपल्या भजीसारखा, मिठाबरोबर, तेल कोळंबीचं तेच असतं, पिठात कधी अंडं असतं. याकी-ओनिगिरी म्हणजे सोयासॉस लावून भाजलेला भाताचा गोळा, आत काय भरलंय ते विचारून. सुशीवाल्याकडे काकडीचा काप्पामाकी, उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ आणि शिसोच्या पानांचा रोल, नात्तोचा म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा रोल. नात्तोचा वास आणि तार झेपत असेल तर उत्तम प्रोटीन, नसेल तर जबरदस्ती नाही. इनारी म्हणजे तळलेल्या टोफूच्या पिशवीतला भात आणि कान्प्यो म्हणजे वाळवलेल्या दुधीचे रोल दिसायला शाकाहारी असतात पण दाशीत शिजवलेले असू शकतात. आगेदाशी म्हणजे तळून दाशीत घातलेला टोफू, चवानमुशी म्हणजे अंड्याचं वाफवलेलं कस्टर्ड, मिसो सूप, ही तिन्ही नको.

कोम्बु आणि शिइताकेची दाशी मात्र पूर्ण शाकाहारी असते. टोकियो विद्यापीठातल्या किकुनाए इकेदांनी १९०८ मध्ये कोम्बुच्या दाशीतूनच ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं, पुढच्याच वर्षी त्याची पावडर आजिनोमोतो म्हणून बाजारात आली, आपल्याकडच्या चायनीज गाड्यांवर आपण जिला नावं ठेवतो तीच. सांगायचा मुद्दा, उमामीची गोष्टच मुळी एका शाकाहारी पाण्यातून सुरू झाली, पण तुमच्या वाटीत नेमकी कोणती दाशी आहे ते विचारल्याशिवाय कळत नाही.

हे वाक्य फोनमध्ये सेव्ह करा आणि दाखवा किंवा म्हणा: "निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओ नो दाशी मो दामे देस." म्हणजे मांस-मासे खात नाही, कात्सुओची दाशीही चालत नाही. आमच्या ताइशोला मी आदल्या दिवशी फोन करून सांगते, मग तो वेगळं काहीतरी करून ठेवतो. ऐनवेळी पाच शाकाहारी घेऊन गेलं तर तोही हतबल आणि तुम्हीही. आणि रामेन खायचंच असेल तर टोकियो स्टेशनच्या आत, तिकीट गेटच्या आतल्या बाजूला, टीज तानतान म्हणून व्हीगन रामेनचं दुकान आहे, तिथे जा, निर्धास्त खा.

आम्ही चातुर्मासात कांदा-लसूणही खात नाही.

मग इझाकाया नको, शोजिन र्योरी शोधा. बौद्ध मठांतलं जेवण, मांस-मासे नाहीत आणि कांदा, लसूण असल्या उग्र भाज्याही नाहीत. कोयासान या मठांच्या डोंगरावर मठात मुक्कामी राहून ते जेवता येतं, गोमादोफु म्हणून तिळाचा मऊ टोफूसारखा पदार्थ, कोयादोफु म्हणजे गोठवून वाळवलेला टोफू, रानभाज्या, लोणची. माझ्या सासूबाई इथल्या सगळ्या ट्रिपमध्ये पोटभर आणि मन लावून जेवल्या त्या तिथे.

सोबा म्हणजे कुट्टूच ना, उपासाला चालेल?

पीठ कुट्टूचंच, बरोबर. पण बऱ्याच सोबात दहातले दोन भाग तरी गहू असतो, पूर्ण कुट्टूचा हवा तर जूवारी लिहिलेला बघावा लागतो, आणि बुडवायच्या त्सुयुत परत तीच माशाची दाशी. तेव्हा उपासाला नाही. एरवी मात्र जरूर खा, झारु सोबा, गार, आणि शेवटी ते नूडल्स उकडलेलं गढूळ पाणी आणून देतात ना, सोबायु, ते उरलेल्या त्सुयुत ओतून प्यायचं असतं, हात धुवायचं नसतं.

बीफ आणि पोर्क टाळायचं आहे.

गिउदोन, सुकियाकी, शाबुशाबु, हाम्बागु हे उघड बीफ किंवा मिक्स. पोर्क जास्त लपून बसतं: ग्योझा म्हणजे मोमोसारख्या डंपलिंगमध्ये, बऱ्याच ओकोनोमियाकी म्हणजे कोबीच्या जाड धिरड्यात, हाकाताच्या तोनकोत्सु रामेनचा तर पांढरा रस्साच डुकराच्या हाडांचा. करीच्या तयार वड्यांमध्ये, ज्यांना रू म्हणतात, बीफची चरबी असू शकते, वरून "चिकन करी" लिहिलेलं असलं तरी. याकितोरीच्या दुकानात हे टेन्शन बरंच कमी, तिथे मुख्य चिकनच, फक्त बेकनमध्ये गुंडाळलेल्या काड्या तेवढ्या ओळखून सोडा. नेगिमा म्हणजे कांद्याच्या पातीबरोबरचं चिकन, त्सुकुने म्हणजे चिकन खिम्याचे गोळे, मोमो म्हणजे मांडीचं चिकन (आपले डंपलिंगवाले मोमो नव्हेत), यांच्यापासून सुरू करा, मीठ की सॉस विचारतील, पहिल्या वेळी मीठ म्हणा म्हणजे "शिओ". काळीज, गिझर्ड, कातडी, शेपटाकडचा तुकडा हेही असतं, आवडणाऱ्याला स्वर्ग.

जपानी करी आपल्यासारखी असते का?

नाही, घट्ट, गोडसर, ब्रिटिशांमार्फत आलेली. पण शिंजुकुच्या नाकामुरायात १९२७ पासून हिंदुस्थानी पद्धतीची चिकन करी मिळते, ती रासबिहारी बोस यांनी सुरू करून दिली, तेच क्रांतिकारक. इतिहासाची आवड असलेले काका-मामा असतील तर त्यांना तिकडे न्या.

आम्ही मालवणी माणसं, मासे सोडून बोला.

मग तुमची चंगळ आहे. सबा शिओयाकी मागवा, आपल्या बांगड्याचाच भाऊबंद, फक्त मीठ लावून भाजलेला, कडकडीत कातडी आणि बाजूला किसलेला मुळा. होक्के म्हणून उघडा करून अर्धवट वाळवलेला मोठा मासा येतो, तो चौघांत एक पुरतो. शिशामो, अंड्यांनी भरलेले छोटे मासे, डोक्यासकट खायचे. आणि सान्मा, शरद ऋतूचा, पोट साफ न करता भाजतात, ते कडू काळं पोट इथले लोक आवडीने खातात, तुम्ही बाजूला काढलंत तरी कोणी काही म्हणणार नाही. तिरफळं, कोकम, आगळ नाही याचं दुःख पहिल्या दिवशी होतं. माझ्या वेंगुर्ल्याच्या आत्याने दुसऱ्या दिवशी लिंबू पिळून सबा खाल्ला आणि म्हणाली, मसाला नाही म्हणून मासा लपत नाही, ताजा नसता तर इथल्या इथे कळला असता.

कच्चा मासा जमेल का? सुरुवात कशाने करू?

न आवडला तर न आवडला, परीक्षा नाहीये. पण इझाकायात साशिमीवर म्हणजे नुसत्या कच्च्या माशाच्या कापांवर उडी मारण्याआधी एकदा फिरत्या पट्ट्याच्या सुशीत जा, काइतेनझुशी, पहिलं दुकान ओसाकाकडे १९५८ मध्ये निघालं. तिथे एक एक प्लेट स्वस्तात चाखता येते. आधी अंड्याची तामागो, मग उकडलेली कोळंबी, मग भाजलेला उनागी किंवा आनागो (तोही ईलच, समुद्रातला), हे सगळं शिजलेलं. मग साल्मन. गंमत म्हणजे साल्मनची सुशी ही काही जुनी परंपरा नाही, १९८० च्या दशकात नॉर्वेवाल्यांनी आपला मासा विकायला जोर लावला तेव्हापासून ती रुळली. त्यानंतर लाल मागुरो म्हणजे ट्यूना. समुद्री अर्चिन शेवटी, आणि तेही चांगल्या ठिकाणी, नाहीतर आयुष्यभराचं मन उडतं.

आता बऱ्याच साखळी दुकानांत पट्ट्यावर प्लेटा मोकळ्या फिरत नाहीत, २०२३ मध्ये सोयासॉसची बाटली चाटण्याचे वगैरे व्हिडिओ पसरले आणि अनेकांनी ते बंद केलं, स्क्रीनवर ऑर्डर केली की थेट तुमच्यापुढे येऊन थांबते. पोरांना तेही आवडतं. सुशी हाताने खाल्ली तरी चालते. सोयासॉस माशाच्या बाजूला लावायचा, भाताला लावला की भात सुटतो. वासाबी नको असेल तर "साबी नुकी".

तिखट काही मिळतं का हो?

आपल्या अर्थाने नाही. टेबलावर शिचिमीची डबी असते, सात जिनसांची मिरचीपूड, ती सढळ हाताने टाका. ग्योझाबरोबर रायु, मिरचीचं तेल. पर्समधून शेंगदाण्याची चटणी काढून टोफूवर टाकणारे आमच्याच घरात आहेत, साखळी हॉटेलात खपून जातं पण ताइशोसमोर नको, त्याने सकाळपासून त्या टोफूसाठी धावपळ केलेली असते.

आईचे गुडघे दुखतात, खाली बसावं लागेल का?

बुकिंग करतानाच सांगा. चटईच्या खोलीला झाशिकी म्हणतात, तिथे खरंच मांडी घालून बसायचं. पण खूप ठिकाणी होरिगोतात्सु असतं, बसायचं जमिनीच्या पातळीवर पण टेबलाखाली खड्डा, पाय सोडता येतात, तेही ज्येष्ठांना उठताना जडच जातं. सरळ "तेबुरु" मागा म्हणजे टेबल. चटईवर जायचं तर चपला-बूट दाराशी काढायचे, म्हणून भोक नसलेले मोजे घाला, हे मी हसत लिहीत नाहीये. टॉयलेटसाठी वेगळ्या सपाता ठेवलेल्या असतील तर त्या तिथेच काढून यायच्या.

आम्ही मागवलंच नव्हतं तरी एक छोटी वाटी आली आणि बिलात लागली. फसवलं का?

नाही, ती ओतोशी. इझाकायात बसलात की प्रत्येकामागे येतेच, साधारण ३०० ते ५०० येन, जागेचं भाडंच समजा. काही टुरिस्ट लोक यावरून भांडतात आणि रिव्ह्यूत एक स्टार देतात, अगदी नको. उलट आमच्याकडे ओतोशीवरूनच कळतं आज ताइशोचा मूड कसा आहे. शाकाहारींनी आधीच सांगून ठेवा, त्यात बहुतेक वेळा मासा किंवा दाशी असते.

ऑर्डर कशी द्यायची? जपानी येत नाही.

मोठ्या हॉटेलांत टॅब्लेट किंवा क्यूआर कोड, इंग्रजीसकट. टेबलावर बटन असेल तर दाबा. छोट्या ठिकाणी मोठ्याने "सुमिमासेssन" म्हणायचं, लाजायचं नाही, इथे एरवी ट्रेनमध्ये कुजबुजणारी माणसंही इझाकायात ओरडतात. रामेनच्या दुकानात दाराशीच मशिन असतं, पैसे घालून बटन दाबून चिठ्ठी घ्यायची. काचेत प्लॅस्टिकचे नमुने असतील तर फोटो काढून दाखवा. फोनमधला ट्रान्सलेटर हाताने लिहिलेल्या पट्ट्या वाचताना भयानक विनोद करतो, त्यावर विश्वास ठेवून काही मागवू नका, "ओसुसुमे?" विचारा, म्हणजे तुम्ही काय सुचवाल. सगळं एकदम मागवायचं नाही, दोन-तीन पदार्थ, संपले की परत. भात शेवटी.

जेवणाआधी इतादाकिमास आणि निघताना गोचिसोसामा देशिता, एवढं म्हणालात तरी ओकामीसान दारापर्यंत येते.

चॉपस्टिक्सचे नियम?

दोनच लक्षात ठेवा. भाताच्या वाडग्यात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, तसा भात मृताला ठेवतात. आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. आपल्याकडे अस्थी वेचणं माहीत असल्यामुळे हे समजावून सांगावं लागत नाही. बाकी काडी सुटली, घास पडला, चमचा मागितला, कोणालाही काही वाटत नाही. नूडल्स सुर्र करून ओढा. वाडगा उचलून तोंडाजवळ न्या.

पिण्याचं काय?

बसल्या बसल्या "तोरिआएझु बिरु", आधी बिअर, मग बघू, असं चालतं. एकमेकांचा ग्लास भरायचा, कानपाई म्हणेपर्यंत थांबायचं. न पिणाऱ्याने बिनधास्त ऊलॉन्ग चहा घ्यावा, कोणी आग्रह करत नाही. वय २० पूर्ण हवं. २०२२ पासून इथे १८ व्या वर्षी सज्ञान होतात पण दारूचं वय २०च राहिलं, कॉलेजच्या भाच्याला आधीच सांगून ठेवा. पिऊन गाडी तर नाहीच, सायकलही नाही, नोव्हेंबर २०२४ पासून त्याचेही नियम आणखी कडक झालेत.

सिगरेटबद्दल: एप्रिल २०२० पासून हॉटेलात आत ओढायला साधारण बंदी आहे. टोकियोत नोकर न ठेवता घरच्या घरी चालवणाऱ्या छोट्या दुकानांना सूट आहे, तिथे धूर असू शकतो, दारावरचं स्टिकर बघून आत जा.

लहान मुलं आणता येतात?

आमच्या इझाकायात संध्याकाळी सहा-सात वाजेपर्यंत चालतं, नंतर काउंटरवाले रंगात येतात. रडकं बाळ असेल तर फॅमिली रेस्टॉरंट बरं, गस्तोमध्ये मांजराच्या तोंडाचा रोबो ताटं घेऊन येतो, मुलं त्याच्याच मागे. ड्रिंक बार असतो, खुर्ची मिळते, खाली सांडलं तरी टेन्शन नाही. मुलांसाठी ओकोसामा लंच मागा, भातावर छोटा झेंडा खोचलेलं ताट.

बिल, टिप, पैसे, सगळं एकदाच सांगा.

टिप नाही. ठेवलीत तर परत द्यायला पळत येतील. इझाकायात पिऊन-खाऊन माणशी ३,००० ते ५,००० येन धरा, न पिणाऱ्याचे कमी. बजेट कमी असेल तर तेच हॉटेल दुपारी गाठा, जिथे लंच असतं तिथे हजार येनच्या आसपास तेइशोकु मिळतं, भात, सूप, लोणचं आणि एक मुख्य पदार्थ. बसून खाल्लं तर टॅक्स १० टक्के, बांधून नेलं तर ८, ऑक्टोबर २०१९ पासून. मेनूवर दोन आकडे असले तर मोठ्या अक्षरातला नाही, टॅक्ससकटचा बघा.

कॅश ठेवा. आमचा ताइशो अजून कार्ड घेत नाही. आणि जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या, काही जुन्या तिकीट मशिनना त्या चालत नाहीत, तेव्हा हजारच्या जुन्या दोन-चार नोटा वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या. वेगवेगळं बिल हवं असेल तर "बेत्सुबेत्सु", पण छोट्या दुकानात एकाने भरा आणि बाहेर रस्त्यावर हिशोब करा. "मी देतो, मी देतो" ची आपली झटापट काउंटरवर करू नका, मागे लोक थांबलेले असतात, आणि ओकामीसानला खरोखर वाटतं की भांडण चाललंय.

उरलेलं बांधून देतील?

बहुतेक नाही, विशेषतः कच्चं. पोट बिघडलं तर जबाबदारी कोणाची म्हणून. थोडं थोडं मागवा म्हटलं ते यासाठीच. ताटात टाकून जाणं इथे फार वाईट दिसतं.

बुकिंग लागतं का?

दोघं असाल तर नाही, मंगळवारी-बुधवारी सरळ जा. चारच्या वर असाल किंवा शुक्रवार-शनिवार असेल तर लागतंच. केलंत तर जा, आणि पाच-दहा मिनिटं उशीर होणार असेल तरी फोन करा. सहा जणांची जागा धरून चौघांनी जाणं हे आपल्याकडे चालून जातं, इथे ताइशोने सहा जणांचे मासे आणलेले असतात.

ताइशोसाठी इकडून काय आणू? हापूस आणू का?

हापूस बॅगेत घालून अजिबात आणू नका. ताज्या फळांना इथे कडक तपासणी आहे, भारतातला आंबा २००६ पासून येतो पण ठराविक प्रक्रिया आणि कागदपत्रं झालेलाच, तुमची पेटी एअरपोर्टवरच राहील. मांसाचं काहीही नको, तेही काढून घेतात. बाकरवडी आणा, सीलबंद छोटं पाकीट. मागच्या वेळचं ताइशोने बिअरबरोबर काउंटरवरच्या सगळ्यांना एक एक वाटलं आणि "हे काड्यांनी धरायचं का हाताने" यावर तिथे बराच वेळ चर्चा झाली. चकली नको, त्यांच्याकडे सेनबेई म्हणजे तांदळाची कुरकुरीत बिस्किटं आहेत, तेवढं अप्रूप वाटत नाही. पेढे आमच्यासाठी आणा.